शिखरावर कमी पडलेले आठशे फूट

पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरीने ग्लायडर वर खेचतात. दोरी सुटली की फक्त वाऱ्याचा आवाज उरतो. इंजिन नसल्यामुळे तिथे शिकणाऱ्याच्या अंगात एक गोष्ट लवकर मुरते: उंची ही शिल्लक आहे. ती मोडली की वेग मिळतो, वेग खर्चला की थोडी उंची परत मिळते, आणि दर वेळी हवा आपला वाटा कापून घेते. इंग्लंडमध्ये शोरहॅमला २२ ऑगस्ट २०१५ रोजी झालेला अपघात मला याच हिशेबातून समजला.

त्या दिवशी शोरहॅमच्या एअर शोमध्ये हॉकर हंटर टी-७ हे जुनं दोन आसनी लढाऊ जेट कसरती करत होतं. बांधणी १९५५ची, म्हणजे विमान साठीचं. गिरकी घेत घातलेल्या एका लूपमधून, म्हणजे हवेतल्या उभ्या वर्तुळातून, ते वेळेत सरळ झालं नाही आणि शेजारच्या ए-२७ महामार्गावर कोसळलं. ११ माणसं गेली. कुणी गाडी चालवत होतं, कुणी रस्त्याकडेला उभं होतं. वैमानिक गंभीर जखमी झाला, पण वाचला.

हंटर आपल्याला परका नाही. भारतीय वायुसेनेत तो १९५७ पासून होता आणि १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे टिपणारी विमानं हीच. ज्या २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने वर्षानुवर्षं हंटर उडवले, तीच २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय घेऊन आपल्या लोहगावला उभी राहिली. म्हणूनच ती बातमी वाचली तेव्हा माझ्याही मनात पहिला विचार आला तो हाच, की साठ वर्षांचं यंत्र, काहीतरी तुटलं असेल.

तसं झालं नव्हतं. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाचा अहवाल २०१७ मध्ये आला. देखभालीतल्या काही त्रुटी त्यात आहेत, पण अपघाताच्या कारणांमध्ये बोट आहे ते वेग, इंजिनाचा जोर आणि उंची यांच्यावर.

कसरती करणारे वैमानिक 'गेट' हा शब्द वापरतात. लूप सुरू करताना ठरलेला वेग हवा, हे पहिलं गेट. शिखरावर ठरलेली उंची हवी, हे दुसरं. एकही चुकलं तर कसरत तिथेच सोडायची. या हंटरसाठी पहिलं गेट होतं ३५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६४८ किलोमीटर. प्रत्यक्षात वेग होता साधारण ३१० नॉट, ताशी ५७४ किलोमीटर. फरक ११ टक्क्यांचा. स्कूटरवर आपल्याला तो जाणवणारही नाही.

पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ३१० भागिले ३५०, आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा: ०.७८. म्हणजे लूप सुरू होण्याआधीच शिल्लक २२ टक्क्यांनी घटलेली होती. हवेचा अडथळा आणि इंजिन दोन्ही बाजूला ठेवून सगळा वेग उंचीत बदलला, तर ३५० नॉटचे होतात सुमारे १,६५० मीटर आणि ३१० नॉटचे १,३००. साडेतीनशे मीटरचा खड्डा. वर चढताना इंजिनाचा पूर्ण जोर लावून तो थोडा भरता आला असता, पण जोरही पुरेसा नव्हता.

दुसरं गेट ३,५०० फुटांचं होतं. विमान पोहोचलं २,७०० फुटांवर. ८०० फूट कमी, म्हणजे जवळपास २४० मीटर. आपली पर्वती पायथ्याच्या शहरापेक्षा साधारण ८० मीटर उंच आहे. तीन पर्वत्या एकावर एक ठेवल्या तर जेवढी उंची होईल, तेवढी त्या वेळी विमानाला कमी पडत होती.

मग जोरात ओढून लहान वळणात खाली का येता येत नाही? मला या प्रश्नाने बराच काळ छळलं आहे. उत्तर पंखांपाशी आहे. पंख जो उचल देतात तोही वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो: वेग निम्मा, तर उचल चौथाई. शिखरावर विमान सर्वांत मंद असतं, म्हणजे वळण्याची ताकदही तिथेच सर्वांत कमी. वैमानिकाने स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा, जास्त ओढली तर पंखांवरून वाहणारी हवा सुटते, विमान स्टॉल होतं. ताकद परत मिळवायची तर वेग हवा, आणि वेग मिळवायला आधी खाली पडावं लागतं. नेमकी तेवढी जागा शिल्लक नव्हती.

तरी एक वाट उघडी होती. उलटं झालेलं विमान खाली ओढण्याऐवजी तिथेच कुशीवर वळवून सरळ करायचं आणि निघून जायचं. शिखर ओलांडल्यावरही काही क्षण हे शक्य होतं, हे तपासातल्या चाचणी उड्डाणांनी दाखवलं. पण हंटरमध्ये या कसरतीतून असं सुटण्याचं रीतसर प्रशिक्षण त्या वैमानिकाला मिळालेलं नव्हतं. अहवालात आणखी एक शक्यता नोंदवली आहे, आणि मला ती सगळ्यात अस्वस्थ करते: शिखराच्या उंचीचा आकडा आठवताना त्याच्या मनात कदाचित दुसऱ्याच विमानाचा आकडा आला असेल. त्याच्यावरच्या खटल्यात २०१९ मध्ये तो निर्दोष ठरला. २०२२ मध्ये कॉरोनरने, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मात्र ते मृत्यू बेकायदा ठरवले.

यंत्राने दगा दिल्याची उदाहरणंही आहेत. २०११ मध्ये अमेरिकेत रीनोच्या शर्यतीत दुसऱ्या महायुद्धातलं, पुष्कळ बदल केलेलं मस्टँग विमान पडलं आणि वैमानिकासह ११ जण गेले. तिथे झिजलेल्या नटांमुळे शेपटीकडच्या एका छोट्या पट्टीचे स्क्रू सैल झाले होते. पट्टी फडफडू लागली, तुटली, आणि वैमानिकावर क्षणात १७ जीपेक्षा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १७ पटींपेक्षा, जास्त भार आला. एवढ्या भाराखाली कोणी शुद्धीवर राहत नाही.

हाच लूप पुण्यात घातला तर? शोरहॅम समुद्रसपाटीवर आहे, पुणे ५६० मीटरवर. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी आपल्याकडची हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा जवळजवळ १४ टक्क्यांनी विरळ असते. वेगाचा काटा तोच आकडा दाखवतो, पण विमान प्रत्यक्षात जास्त वेगाने जात असतं, त्यामुळे लूपचं वर्तुळ मोठं होतं. जेट इंजिनाचा जोरही विरळ हवेत घटतो. म्हणून एका गावी पाठ केलेले आकडे दुसऱ्या गावी तपासून घ्यावे लागतात.

१९५२ मध्ये इंग्लंडमध्येच फार्नबरोच्या एअर शोमध्ये विमान हवेतच फुटून त्याचे तुकडे गर्दीत पडले, २९ प्रेक्षक दगावले. त्यानंतर विमानं आणि गर्दी यांच्यातलं अंतर नियमांनी वाढवलं. शोरहॅमला मैदानातल्या एकाही प्रेक्षकाचा जीव गेला नाही. गेले ते कुंपणाबाहेरचे. लोहगावावरून सुखोई घुमत गेलं की विमाननगर, टिंगरेनगरच्या गच्च्यांवर पोरं धावतात, रस्त्याकडेला दुचाक्या थांबतात. मीही थांबतो. सुरक्षित अंतराची ती रेषा नेमकी कुणाभोवती आखायची हा प्रश्न मला शोरहॅमपासून सोडत नाही.

ब्रिटनने शोरहॅमनंतर लगेच, २०१५ मध्ये, जुन्या लष्करी जेट विमानांना समुद्राऐवजी जमिनीच्या वर होणाऱ्या कार्यक्रमांत फक्त साधं उड्डाण करण्याची मुभा ठेवली, लूप वगैरे बंद केले. शोरहॅमला अडूर नदीकाठी, जुन्या टोल पुलाजवळ आता ११ पोलादी कमानी उभ्या आहेत. प्रत्येकीवरची नक्षी वेगळी आहे.