मेंदूतली तार आणि एमआरआय : पार्श्वभूमी

१९८७ मध्ये फ्रान्सच्या ग्रनोबल शहरात न्यूरोसर्जन आलिम-लुई बेनाबिद यांनी मेंदूतल्या थॅलॅमस या खोल भागात इलेक्ट्रोड ठेवून, जलद विद्युत स्पंदांनी हाताची थरथर थांबवता येते हे दाखवलं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) कंपासाठी या 'डीबीएस' (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) उपचाराला मान्यता दिली आणि रुग्ण वाढू लागले. पुढे त्यांचीही कंबर दुखणार, गाठ निघणार, म्हणजे एमआरआय लागणारच.

धातू म्हटलं की चुंबक तो ओढून घेईल, ही पहिली भीती. पण इलेक्ट्रोड प्लॅटिनम-इरिडियमचे असतात, चुंबकाला दाद देत नाहीत. खरा धोका रेडिओलहरींचा. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) यंत्रात त्यांची वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते. डोक्यापासून छातीतल्या बॅटरीपर्यंत गेलेली तार त्यांच्यासाठी अँटेनाच होते आणि गोळा झालेली ऊर्जा टोकाच्या उघड्या, जेमतेम दीड मिलिमीटरच्या संपर्कबिंदूंवर उष्णता होऊन उतरते. मेंदूच्या ऊतीला वेदना कळत नाही, त्यामुळे आत काय भाजतंय हे रुग्ण सांगूच शकत नाही. मला यातली सर्वांत भयंकर बाब हीच वाटते.

पहिला इशारा एमआरआयने दिलाच नाही. दात काढल्यावर डायथर्मीचा, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी ऊती तापवणारा, शेक घेतलेल्या एका डीबीएस रुग्णाच्या मेंदूला गंभीर इजा झाली. ती नोंद २००१ मध्ये छापून आली. २००५ मध्ये आणखी एक नोंद आली : फक्त कमरेचा एमआरआय, यंत्र अवघं १ टेस्लाचं, तरी इलेक्ट्रोडभोवती रक्तस्राव. चुंबक कमी ताकदीचं म्हणजे धोका कमी, हा समज तिथेच कोसळला. त्याच वर्षी एफडीएने सावधगिरीची सूचना काढली.

तोवर उत्पादकांच्या अटी कडक झाल्या होत्या : फक्त डोक्याची कॉइल (रेडिओलहरी सोडणारं वेटोळं) आणि डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा किलोमागे ०.१ वॅटच्या आत. एरवीची मर्यादा ३.२ वॅट आहे. इतक्या कमी ऊर्जेत उपयोगी प्रतिमा मिळवणं तंत्रज्ञांची कसोटीच. २००५ मध्येच एमआरआयसाठी सुरक्षित, सशर्त आणि असुरक्षित अशी उपकरणांची तीन लेबलंही ठरली. डिसेंबर २०१५ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीच्या अ‍ॅक्टिव्हा उपकरणांना अमेरिकेत संपूर्ण शरीराच्या १.५ टेस्ला एमआरआयची, तर २०२० मध्ये त्याच कंपनीच्या पर्सेप्ट या उपकरणाला ३ टेस्लाची सशर्त परवानगी मिळाली.

'सशर्त' हा शब्द संपूर्ण जोडणीला लागू आहे. बॅटरी नवी, पण तार तुटलेली किंवा जुन्या शस्त्रक्रियेतला तुकडा आत राहिलेला असेल, तर परवानगी गळून पडते. म्हणून स्कॅनआधी रुग्णाचं इम्प्लांट कार्ड पाहतात, तारेचा विद्युतरोध मोजतात आणि शंका आली तर आधी साधा एक्स-रे काढतात.