ऐनाच्या घेरातला कार्बन

छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळून घेर घ्यायचा, ही झाड मोजण्याची जुनी रीत. आपल्याकडे ही उंची 1.37 मीटर धरतात. समजा, कोकणातल्या एखाद्या रानात मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा ऐन उभा आहे. घेर 1 मीटर, उंची 15 मीटर. अशा ऐनाचं जमिनीवरचं वाळलेलं वजन साधारण 600 किलो भरतं. वाळक्या लाकडात जवळपास निम्मा कार्बन असतो, म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे किलो. पाणी आणि क्षार मुळांवाटे येतात. हा कार्बन मात्र पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, थेट हवेतून येतो. तेवढा जमवायला झाडानं सुमारे 1 टन कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो.

आकडा मोठा वाटतो खरा. पण 1 लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या ऐनानं कित्येक पावसाळ्यांत साठवलेलं सारं साडेचारशे लिटर पेट्रोलात फिटतं. नुसती झाडं लावून भागेल असं वाटत असेल, तर हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

झाड जी साखर बनवतं, त्यातली निम्म्याच्या आसपास त्याच्याच श्वसनात खर्च होते. उरलेलीतून पानं, फुलं, फळं, मुळं आणि लाकूड. पानांतला कार्बन फार काळ टिकत नाही. पानं गळतात, कुजतात, आणि त्यातला बराचसा पुन्हा हवेत जातो. टिकतो तो खोडातला, जाड मुळांतला आणि मातीत मुरलेला. साग पावसाळ्यात जोमानं वाढतो आणि कोरड्या दिवसांत थांबतो, म्हणून त्याच्या खोडात वर्षाचं एकेक वलय उमटतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशा वलयांवरून मागच्या काळातल्या पावसाचा माग काढला आहे. ते वलय म्हणजे त्या वर्षीची झाडाची शिल्लकच.

जातीजातींतही फरक आहे. पांगारा, सावर झपाट्यानं वाढतात, पण लाकूड हलकं. खैर आणि अंजन सावकाश वाढतात. त्यांच्या तेवढ्याच आकाराच्या ओंडक्याचं वजन मात्र दुपटीहून अधिक.

महाराष्ट्रात 2016 साली 2 कोटी रोपांच्या उद्दिष्टानं वृक्षलागवडीची मोहीम सुरू झाली, 2019 साली ते 33 कोटींवर गेलं. उद्दिष्ट नेहमी रोपांच्या संख्येत मांडलं जातं, हे मला खटकतं. लावलेल्या दिवशी रोपात कार्बन असून असून किती असणार? शिवाय खड्डे कुठे खणतो, तेही महत्त्वाचं. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या माळरानावर कार्बन गवताच्या मुळांत आणि मातीत असतो. तिथे माती उकरून गिरिपुष्पाची झाडं लावली, तर माळढोकाचा अधिवास जातो आणि मातीतला थोडा कार्बनही उडतो.

नवं रान उभं करायचा याहून सोपा मार्ग कोकणात डोळ्यांसमोर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक रानं खासगी मालकीची. लाकूडफाट्यासाठी, कोळशासाठी ती अधूनमधून तुटतात. पण तोडलेला ऐन किंवा किंजळ मरत नाही. बुंध्याच्या कडेनं तांबूस कोवळे फुटवे येतात, एकेका बुंध्याला झुबकाच. खाली जुनी मुळं आयती असतात, त्यामुळे फुटवा रोपाला केव्हाच मागे टाकतो. ना खड्डा, ना टँकर. त्यातले एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढले, की खोड भरू लागतं. हवी ती कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि वणव्यावर नजर.

अशा राखलेल्या रानाची ताकद केवढी? लॅटिन अमेरिकेत 45 ठिकाणच्या पुन्हा वाढलेल्या रानांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. जुन्या जंगलाच्या 90 टक्के वजनापर्यंत पोचायला त्यांना साधारण 66 वर्षं लागतात, असं त्यात दिसलं. पाऊसपाणी चांगलं असेल तिथे वाढ वेगानं होते. तरुण रान कार्बन भराभर ओढतं, जुनं रान पुष्कळ धरून ठेवतं. म्हणून जुनी देवराई तोडून तिथे नवी लागवड करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

मातीला विसरून चालणार नाही. भारतातल्या जंगलांमध्ये साठलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक मातीत आहे, असं भारतीय वन सर्वेक्षणाचे अहवाल सांगतात. पालापाचोळा कुजून तो मुरतो. उन्हाळ्यात सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत पेटवलं आणि वणवा रानात शिरला, की पाचोळा जळतो, कोवळे फुटवे करपतात.

आता मालकाची बाजू. तोडीच्या ठेकेदाराकडून रोख पैसा हातात येतो. घरातलं लग्न, आजारपण त्यावर निभावतं. रान राखलं म्हणून त्याला सहसा कुणी काही देत नाही. लागवडीवर खर्च होणाऱ्या पैशातला काही भाग अशा मालकांना दरवर्षी, तोड लांबवण्याच्या करारावर मिळायला हवा.