हिस्टोप्लाझ्मोसिस

वटवाघळांच्या किंवा पक्ष्यांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत वाढणाऱ्या ‘हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम’ या बुरशीमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार. वटवाघूळ चावल्याने तो होत नाही, माणसाकडून माणसाला लागत नाही. लागतो तो धुळीतून. कोल्हापूरसारख्या गडकोट, लेणी आणि कपारींच्या जिल्ह्यात त्याची माहिती भटक्यांना असायला हवी.

पनामात काम करणारे अमेरिकन डॉक्टर सॅम्युअल डार्लिंग यांनी 1906 मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले. शवविच्छेदनात दिसलेले जंतू त्यांना एकपेशीय परजीवी वाटले; 1912 मध्ये ब्राझीलचे रोशा लिमा यांनी ती बुरशी असल्याचे म्हटले. अमेरिकेतील ओहायो आणि मिसिसिपी नद्यांची खोरी हा तिचा प्रसिद्ध पट्टा. भारतात पहिला रुग्ण 1954 मध्ये कोलकात्यात नोंदला गेला. पुढच्या नोंदीही मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातल्या आहेत, पण महाराष्ट्रासह इतर राज्यांतही रुग्ण आढळले आहेत.

ओल, ऊब, अंधार आणि नत्रयुक्त खत या बुरशीला मानवते. ज्या गुहेत वटवाघळांची वसाहत जुनी, तिथे जमिनीवर विष्ठेचा काळपट, भुसभुशीत थर साचतो. पावसाळ्यात तो चिकट असतो. मार्च-एप्रिलमध्ये वाळला की नुसत्या पावलानेही उडतो. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू 2 ते 5 मायक्रॉनचे असतात. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत, तोंडाला बांधलेला रुमालही नाही. फुफ्फुसात शरीराची ऊब मिळाली की तीच बुरशी यीस्टचे रूप घेते आणि पेशींच्या आत वाढते.

बहुतेकांना काहीच होत नाही. ज्यांना होते त्यांना 3 ते 17 दिवसांत ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणे आणि थकवा जाणवतो. फ्लू समजून दिवस जातात. जुन्या विडीबाजाच्या खराब झालेल्या फुफ्फुसात मात्र तो महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि वरच्या भागात पोकळ्या करतो. एक्स-रे पाहून कोणालाही टीबीच वाटेल, आणि आपल्याकडे तसे वाटणे स्वाभाविकच आहे. एचआयव्ही असलेल्यांत किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत संसर्ग अंगभर पसरतो: तोंडात व्रण, वजनात घट, कधी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रीनल) ग्रंथींवर सूज. म्हणून थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत आणि औषधांनी उतार नाही, अशा वेळी रुग्णाने गुहेत किंवा जुन्या तळघरात गेल्याचे आपणहून सांगावे. निदान ऊतक किंवा थुंकीच्या कल्चरने (नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून), तसेच लघवीत बुरशीचे अंश शोधणाऱ्या प्रतिजन तपासणीने होते. कल्चरला काही आठवडे लागतात. सौम्य आजार आपोआप बरा होतो. लांबला तर इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या, गंभीर असेल तर आधी अँफोटेरिसिन-बी हे जास्त जोरदार औषध. पसरलेल्या आजारात गोळ्या वर्षभर चालतात.

पन्हाळा, जोतिबाजवळची पोहाळे लेणी, गगनबावड्याकडचा सह्याद्री इथे माणसांचा राबता वर्षभर असतो. नुसते डोकावून येणाऱ्याला धोका कमी. खरा धोका झाडू-फावडे घेऊन तळघर साफ करणाऱ्या दुर्गप्रेमी कार्यकर्त्याला आणि विष्ठा खतासाठी पोत्यात भरणाऱ्याला. कोरडा झाडू मारण्यापेक्षा आधी पाणी शिंपडून थर ओला करावा, घट्ट बसणारा एन-95 मास्क लावावा आणि कामाचे कपडे घरात न झटकता थेट पाण्यात टाकावेत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी अशा कामाला जाऊच नये.

धूर करून वटवाघळे हाकलण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो निरुपयोगी आहे, शिवाय शेतातले किडे खाणारी जनावरे त्यात नाहक मरतात. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील बारापेडे गुहांत तर राऊटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ हा अत्यंत दुर्मीळ जीव राहतो. वसाहत उठून गेल्यावरही बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे ‘आता इथे वटवाघळं नाहीत’ एवढ्यावर मास्क उतरवू नये.