टॉर्च आरपार गेला, म्हणून फिल्टर पास होत नाही

तपासणीसाठी काच पाठवण्याआधी हे वाचा

अतिनील (यूव्ही) फोटोंसाठी फक्त अतिनील सोडणारे म्हणून घेतलेले जे अनोळखी फिल्टर आमच्याकडे मोजणीला येतात, त्यांच्यासोबत बहुतेक वेळा एकच तक्रार असते: ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च मारून पाहिला, प्रकाश आरपार जातो, तरी अतिनील फोटो विचित्रच येतात. टॉर्चची चाचणी चुकीची नाही, अपुरी आहे. टॉर्चच्या एलईडीत अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश जवळजवळ नसतोच. त्यामुळे काच अतिनील सोडते एवढंच कळतं. सोबत अवरक्त किती सोडते, ते कळायला मार्ग नाही. तुमचा आणि आमचा सगळा वेळ तिथेच जातो.

(लेन्सवर नेहमी लावतात तो ‘यूव्ही फिल्टर’ अतिनील अडवणारा असतो, तो इथे निरुपयोगी. तुम्हाला हे ठाऊक असेलच, पण विक्रेते दोन्ही एकाच नावाने विकतात.)

यूजी-१, यूजी-११, यू-३४०, यू-३६०, झेडडब्ल्यूबी-२ या अतिनील सोडणाऱ्या काळसर फिल्टर-काचा अतिनीलबरोबर साधारण ७०० ते ७५० नॅनोमीटरच्या आसपास थोडा गडद लाल आणि अवरक्तही सोडतात. माल खोटा असतो असं नाही, या काचेची घडणच तशी. पण फुल-स्पेक्ट्रम केलेल्या (म्हणजे सेन्सरपुढची अतिनील-अवरक्त अडवणारी काच काढलेल्या) कॅमेऱ्याचा सेन्सर अवरक्त भरपूर पकडतो, आणि अतिनीलपैकी बराचसा लेन्सच्या काचा आणि सेन्सरवरचे रंगथर गिळून टाकतात. उन्हातही अतिनील कमी आणि अवरक्त जास्त. त्यामुळे नको असलेल्या या प्रकाशाची काचेतली शेकडा एक गळतीसुद्धा फोटोत चांगलीच उठून दिसते.

घरी करायची चाचणी

स्वच्छ ऊन, समोर हिरवं झाड, कॅमेरा तिपाईवर. रॉ फाइल, आयएसओ ठरावीक, सगळं मॅन्युअल. व्ह्यूफाइंडर झाका, लांब एक्स्पोजरला तिथूनही प्रकाश शिरतो. फक्त तपासायचा फिल्टर लावून नीट एक्स्पोजर जमवा. समजा ते १ सेकंद आलं. आता कशालाही हात न लावता त्याच्या पुढे लाल २५ए फिल्टर चढवा आणि पुन्हा १ सेकंद घ्या. लाल काच अतिनील अडवते, म्हणून फ्रेम काळी यायला हवी. चित्र दिसलं तर ती गळती.

किती, तेही काढता येतं. लाल फिल्टर तसाच ठेवून पहिल्या फोटोइतका उजेड येईपर्यंत वेळ वाढवा. १६ सेकंदांना बरोबरी झाली, तर मूळ फोटोतला सोळावा हिस्सा, म्हणजे सुमारे ६ टक्के, गळतीचा. २ सेकंदांतच झाली तर निम्मा फोटो अतिनील नाहीच. ३० सेकंदांनाही फ्रेम स्पष्ट अंधारी राहिली, तर बहुतेक कामांना काच चालेल.

इथे दोन चुका होतात. लालऐवजी ७२० नॅनोमीटरचा अवरक्त फिल्टर वापरला, तर तो ७२० पाशी निम्माच प्रकाश सोडतो. त्याखालची गळती लपते आणि निकाल खोटा गोड येतो. दुसरी, लाल फिल्टर मागे लावणं. काही लाल-पिवळ्या काचा अतिनील पडला की स्वतःच चमकतात, म्हणून ती नेहमी पुढेच हवी. आणि ती काचेचीच हवी, जिलेटीनची नको.

घाईत असाल तर पानं पाहा. अतिनीलमध्ये पानं काळी आणि मोकळं आकाश उजळ येतं. अवरक्तमध्ये बरोबर उलट. कातडीवर लावलेलं सनस्क्रीन काळंभोर दिसायला हवं. रॉ फाइलची गुलाबी-लाल झाक बघून मात्र काही ठरवू नका, शुद्ध अतिनीललाही ती असते. पांढऱ्या टेफ्लॉनवर व्हाइट बॅलन्स घ्या, मग रंगांबद्दल बोलू.

फिल्टरातून सूर्याकडे कधीच पाहू नका. काच काळी दिसते, बाहुली मोठी होते आणि अतिनील सरळ आत जातो. कोटिंगवाल्या फिल्टरांतली सुईएवढी छिद्रं शोधायलाही सूर्य नको, ती साध्या दिव्यासमोर दिसतात.

गळती आढळली तर

जाड काच घेणं हा एक मार्ग. समजा १ मिलिमीटरला गळती १० टक्के आणि अतिनील ८० टक्के आहे. २ मिलिमीटरला तेच प्रमाण पुन्हा लागू होऊन ती १ आणि ६४ होतात. पण सहसा तेवढ्याने भागत नाही. सोबत एस-८६१२ किंवा बीजी-३९ ही अवरक्त अडवणारी सुमारे २ मिलिमीटरची काच जोडावी लागते. अतिनील जास्त राखायचा तर एस-८६१२ बरी. अशा जुळवलेल्या जोड्या आम्ही एकत्र मोजूनच देतो.

‘नुसता फोटो पाहून सांगा’ याला आम्ही नकार देतो, त्याचा राग येऊ देऊ नका. फोटोत लेन्स, सेन्सर आणि ऊन सगळंच मिसळलेलं असतं. मोजणीचे पैसे घेतो, कारण आलेख लॉग स्केलवर (दर पायरीला दहापट) काढून देतो. फिल्टरच्या डब्यात मिळणाऱ्या साध्या टक्केवारीच्या आलेखात ०.१ आणि १ टक्का दोन्ही तळाच्या रेषेला चिकटलेले दिसतात, आणि आपल्याला फरक पाहायचा असतो तो नेमका त्यांच्यातलाच.

काच पाठवताना व्हर्नियरने मोजलेली जाडी, लेन्सचं नाव आणि वरच्या चाचणीच्या दोन्ही रॉ फाइली द्या. काच कोरड्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. यूजी-११ आणि एस-८६१२ वर दमटपणाने पांढुरका थर चढतो. चढलाच असेल तर घासू नका, तशीच पाठवा.