तुर्भ्याची काच आणि सिझियम

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६०च्या दशकात अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्यास सुरुवात झाली. या प्रक्रियेत मागे उरणाऱ्या तीव्र किरणोत्सारी, आम्लयुक्त द्रावणाचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर जगभरातल्या बहुतेक देशांप्रमाणे इथेही काचेनेच दिले. या द्रावणातील सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सारिता निम्मी होण्याचा काळ, सुमारे ३० वर्षांचे असते; म्हणजे त्यांची किरणोत्सारिता हजारपटीने कमी व्हायला तीन शतके लागतात.

अणुकचरा काचेच्या डब्यात भरून ठेवतात, अशी अनेकांची समजूत असते, पण ती बरोबर नाही. द्रावण आटवून त्यात काचेची कच्ची द्रव्ये मिसळतात आणि सुमारे ९५० अंश सेल्सिअसला सगळे एकत्र वितळवून तो रस पोलादी पिंपात ओततात. किरणोत्सारी अणू काचेच्या घडणीतच सामावलेले असल्यामुळे काच तडकली तरी ते मोकळे होत नाहीत. स्फटिकात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, तर सिलिका आणि बोरॉनच्या विस्कळीत जाळ्यात लहानमोठ्या अनेक जागा असतात आणि त्यांत डझनावारी निरनिराळी मूलद्रव्ये मावतात. बोरॉनमुळे वितळण्याचे तापमानही खाली येते. हे फार महत्त्वाचे आहे, कारण तापमान वाढले की सिझियमची वाफ होऊन ते निसटू लागते.

तरीही एकच कृती सगळीकडे चालत नाही. तुर्भ्याच्या द्रावणात पुनर्प्रक्रियेत वापरलेल्या रसायनामुळे सल्फेट असते आणि नेहमीची सोडियम बोरोसिलिकेट काच सल्फेट फारच थोडे सामावून घेते. उरलेले सल्फेट वितळलेल्या काचेवर क्षारांचा वेगळा थर होऊन तरंगते. हा थर पाण्यात विरघळणारा असतो आणि सिझियमलाही आपल्याकडे ओढतो. म्हणजे ज्याला कोंडायचे, तेच सहज धुऊन जाईल अशा ठिकाणी जमा होते. भाभा केंद्राच्या संशोधकांनी काचेत बेरियम घालून ही अडचण सोडवली. बेरियम बोरोसिलिकेट काचेत सल्फेट बऱ्याच अधिक प्रमाणात मावते आणि तो थर टाळता येतो. मुंबईत झालेल्या या कामाची माहिती मुंबईकरांनाच कमी असावी, याचे वाईट वाटते.

पुढे याच द्रावणातून सिझियम निवडून वेगळे काढण्यात आले आणि त्याच्या काचेच्या कांड्या बनवून त्या रक्त-किरणन यंत्रांत वापरल्या जाऊ लागल्या. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाला द्यायच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशी गॅमा किरणांनी निष्प्रभ कराव्या लागतात, नाहीतर त्या रुग्णाच्याच शरीरावर हल्ला चढवतात. या कामासाठी पूर्वापार सिझियम क्लोराइडची भुकटी वापरली जाते. तिचा धोका १९८७मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहराने पाहिला: बंद पडलेल्या दवाखान्यातील उपचारयंत्र फोडल्यावर भुकटी घराघरांत पसरली आणि चार माणसे दगावली. काचेतले सिझियम असे पसरत नाही, पाण्यात सहज विरघळतही नाही. माझ्या मते काचेच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद नाही.

सध्या संशोधकांचे लक्ष भट्टीच्या भिंतीकडे आहे, कारण वितळलेली काच धातूचे पात्र झिजवते. शीत-मूस भट्टीत विद्युतचुंबकीय प्रेरणाने, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने, उष्णता थेट काचेतच निर्माण होते, तर तांब्याची भिंत पाण्याने थंड ठेवलेली असते. भिंतीलगत काच गोठून तिचाच पातळ थर भिंतीचे रक्षण करतो. फ्रान्सने ला हाग येथे २०१०मध्ये अशी भट्टी प्रत्यक्ष कामाला लावली आणि भाभा केंद्रानेही हे तंत्र विकसित केले आहे.

दुसरा शोध अधिक अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील गटाने २०२०मध्ये दाखवले, की पोलाद आणि काच एकमेकांना खेटून असतील आणि मधल्या अरुंद फटीत पाणी शिरले, तर तिथे आम्लधर्मी, आक्रमक द्रावण तयार होऊन दोन्ही पदार्थ एकेकट्याने झिजतील त्यापेक्षा वेगाने झिजतात. सिरॅमिकच्या बाबतीतही हेच आढळले. म्हणून साठवणुकीचा अंदाज बांधताना काच आणि पिंप यांची चाचणी वेगवेगळी न करता त्यांना एकत्र ठेवूनच करावी लागेल.