समुद्रातली राखण आणि येरळेचा न्याय

आपल्या सांगलीला समुद्र नाही. आंबा घाट चढून आलेली सुरमई आणि बांगडा, एवढीच त्याची आपली ओळख. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीचा भाव ऐकून आपण कुरकुरतो. ही ठरावीक काळापुरती बंदी. समुद्राचा एखादा पट्टा बारा महिने राखणं हे त्याहून अवघड काम, आणि त्यातली अडचण आपल्या येरळा नदीकाठच्या माणसाला चटकन कळेल.

राखीव पट्ट्याचा फायदा मुख्यतः मोठ्या माद्यांमुळे होतो. अटलांटिक कॉडची ३० किलोची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढी २ किलोच्या २८ माद्या मिळूनही घालत नाहीत. त्या २८ जणींचं वजन मात्र ५६ किलो भरतं! जिथे सतत जाळी पडतात तिथे अशा जुन्या माद्या उरतच नाहीत. पट्टा राखला की त्या टिकतात, त्यांची पिल्लं प्रवाहाबरोबर बाहेर पसरतात, दाटी झाली की मोठे मासेही हद्द ओलांडतात. फिलिपिन्समधल्या आपो बेटावर १९८२ पासून गावकऱ्यांनी प्रवाळाचा छोटा तुकडा बंद ठेवला, आणि काही वर्षांनी शेजारच्या पाण्यात जास्त मासळी मिळू लागली.

मग मालवणात मच्छीमारांचा अशा राखणीला विरोध का? तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा, म्हणजे सगळ्यात कडक राखणीचा भाग, ३.१८. एवढा तुकडा ट्रॉलरला, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीला, खिजगणतीत नाही. तो रातोरात दुसऱ्या जिल्ह्यासमोर जाऊन जाळं टाकेल. रापण, म्हणजे माणसांनी हातांनी ओढायचं लांब जाळं, मात्र किनाऱ्यावरूनच ओढावी लागते. तिची जागा गेली की धंदा गेला.

शिवाय बंदीमुळे बोटी थांबत नाहीत, नुसत्या सरकतात. मोठ्या बोटी हद्दीच्या कडेला दाटी करतात आणि बाहेर पडलेला मासा आधी त्यांच्याच जाळ्यात जातो. म्हणजे राखण लहान मच्छीमाराची आणि पीक पर्ससीनवाल्याचं, म्हणजे माशांच्या थव्याला प्रचंड जाळ्याने वेढणाऱ्या मोठ्या बोटीचं. अशा राखणीत कोण मन घालणार? गस्तीची बोट सगळीकडे पुरत नाही, चोरटी जाळी आधी दिसतात ती स्थानिक होड्यांनाच. त्यांनी तोंड फिरवलं की अभयारण्य कागदावर उरतं. पर्ससीनवर राज्याने २०१६ साली बंधनं घातली, ती याच कारणाने मला रास्त वाटतात. अर्थात मोठ्या बोटीवरचे खलाशी, त्यात नेपाळहून आलेलेही, हातावर पोट असलेलेच. परवाने घटवताना त्यांचा हिशेब मालकाच्या हिशेबात गुंडाळून चालणार नाही.

मच्छीमाराला सांभाळून राखण करायची तर खर्च होतोच. ऑस्ट्रेलियाने २००४ मध्ये ग्रेट बॅरियर रीफचा मासेमारीबंद भाग सुमारे ५ वरून ३३ टक्क्यांवर नेला, तेव्हा मच्छीमारांसाठीची मदत २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेली.

खानापूर तालुक्यात येरळेवरच्या बळीराजा स्मृती धरणाचं पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही असं ठरलं. हक्क कुटुंबाचा, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नको. समुद्रातला भूमिहीन म्हणजे रापणकर. किनाऱ्यालगतचं पाणी आधी त्याच्या नावे ठेवावं, गाभ्याची जागा त्याला विचारून ठरवावी, आणि त्या पाण्यातला ऊस, म्हणजे पर्ससीन, हद्दीपासून लांब ठेवावा.

२०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखायचं जगातल्या देशांनी डिसेंबर २०२२ मध्ये मान्य केलं, त्यात भारतही आहे. नव्या रेषा आखल्या जाणारच. तेव्हा नकाशावर प्रवाळ आणि कासवांबरोबर कुठली होडी किती लांब जाऊ शकते, हेही मांडलेलं असावं.