घामाच्या कोकणात गारठलेला जखमी

जुलैची संध्याकाळ. परशुराम घाटात दुचाकी घसरते. मांडीचं हाड मोडलेलं, कपडे पावसाने आणि रक्ताने चिंब. लोक धावतात आणि पहिली आरोळी ठरलेली: "बाजूला व्हा, वारा येऊ द्या!" कुणी छत्रीनेच वारा घालायला लागतो.

कोकणात कसली आलीय थंडी, असं आपण म्हणतो. पण थंडी वाजायला बर्फ लागत नाही. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ऊब ओढून घेतं, आणि रक्त गेलेल्या शरीराची भट्टीही मंदावलेली असते, कारण ऊब तयार करायला पेशींना ऑक्सिजन लागतो. आतलं तापमान 37 वरून 35 अंश सेल्सिअसखाली उतरलं की खरा घोळ सुरू होतो.

रक्त गोठवणारी विकरं ऊब धरून काम करतात. पावसाळ्यात आंबोळीचं पीठ लवकर फुगून येत नाही, तसंच काहीसं. जखमेचं तोंड बंद करणाऱ्या रक्तातल्या प्लेटलेट्सही तिथे नीट चिकटत नाहीत. रक्त थांबत नाही, म्हणून शरीर आणखी गार पडतं. गार पडतं, म्हणून रक्त थांबत नाही. त्यात उपाशी पेशींतलं आम्ल रक्तात उतरतं. गारठा, आम्ल आणि न गोठणारं रक्त यांना डॉक्टर 'घातक त्रिकूट' म्हणतात. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 71 गंभीर जखमींपैकी ज्यांचं तापमान 32 अंशांखाली गेलं, त्यांतला एकही वाचला नाही.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) रक्त नीट गोठतंय का, हे प्रयोगशाळा नमुना 37 अंशांना आणून तपासते. त्यामुळे रिपोर्ट बरा दिसतो आणि खाटेवर रक्त वाहतच राहतं.

मग 1999 मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या पाण्यात अडकून 13.7 अंशांपर्यंत थंड झालेली आना बोगेनहोल्म वाचली ती कशी? तिचं हृदय थांबण्याआधीच मेंदू गार होऊन त्याची ऑक्सिजनची गरज घटली होती. मुख्य म्हणजे जखमेतून तिचं रक्त बाहेर वाहून जात नव्हतं.

इस्पितळातही गारठा पाठ सोडत नाही. रक्ताची पिशवी फ्रिजमधून 2 ते 6 अंशांवर निघते. ती भराभर चढवायची तर वाटेत यंत्राने कोमट करावी लागते. घाटात असं यंत्र नसतं. तिथे आधी रक्त वाहतं ती जागा दाबून धरायची, ओले कपडे कापून काढायचे, अँब्युलन्सचा एसी बंद करायला सांगायचं. आणि स्ट्रेचरवर घेताना गोधडी एक वरून, एक खालून. पाठीखालचं ओलं कापडही ऊब खेचतच असतं.